एफडी, फ्लॅट, सोनं की शेअर : जोखीम धरून परतावा कसा ताडायचा?

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचे एक गृहस्थ, वय ४१, पगारदार, ३० टक्के कराच्या टप्प्यात. बँकेत एफडी, पीपीएफ, पुण्यात भाड्याने दिलेला एक फ्लॅट, घरात दागिने, थोडे सुवर्ण रोखे (सोन्याच्या भावाशी जोडलेले सरकारी रोखे) आणि इंडेक्स फंडात (निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) चालू असलेली एसआयपी, म्हणजे दरमहाची ठरावीक गुंतवणूक, अशी सगळी पुंजी. त्यांनी गेल्या पाच वर्षांचे वार्षिक आकडे एक्सेलमध्ये भरले आणि प्रत्येकाचा शार्प रेशो, म्हणजे जोखमीच्या मानाने परतावा किती याचं माप, काढला. एफडीचा २.५ आला, फ्लॅटचा १.५, सोन्याचा १ आणि इंडेक्स फंडाचा ०.६. आता ते विचारतात, "शेअरवाला पर्याय सगळ्यात खाली आला. मग एसआयपी थांबवून पुण्यातच दुसरा फ्लॅट घ्यावा का?"

नको. सूत्र तुम्ही बरोबर लावलंय, बेरीज-वजाबाकीही बरोबर आहे. अडचण आकड्यांत आहे. विल्यम शार्प यांनी हा रेशो १९६६ साली म्युच्युअल फंडांची आपसात तुलना करण्यासाठी मांडला. परताव्यातून बिनजोखमीचा व्याजदर वजा करायचा आणि जे उरेल त्याला परताव्याच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे चढउताराच्या मापाने, भागायचं. मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणारे दोन (लार्जकॅप) फंड समोर ठेवले तर हे माप चांगलं चालतं, कारण दोघांचे भाव एकाच बाजारात, एकाच दिवशी, एकाच पद्धतीने निघतात. तुमच्या चार रकान्यांपैकी दोघांचा भाव बाजारात निघतच नाही. तिथे भाजकात जोखीम उतरतच नाही आणि भागाकार फुगतो.

एफडीचंच बघा. तिचं विचलन तुमच्याकडे ०.४ आलं. ते आलं कुठून? नूतनीकरणाच्या वेळी दर थोडाफार बदलला, तेवढंच. भाजक शून्याजवळ गेला की उत्तर हवं तेवढं मोठं निघतं, त्यामुळे त्या २.५ ला अर्थ नाही. शिवाय तुम्ही ७ टक्के धरलेत ते करापूर्वीचे. उपकर धरून ३१.२ टक्के कर गेला की हातात ४.८ राहतात. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्ट ४ टक्के, त्यात वर-खाली २ टक्क्यांची मुभा. उद्दिष्ट तंतोतंत पाळलं गेलं तरी खरी कमाई पाऊण टक्क्याच्या आसपास, आणि महागाई ६ झाली तर भांडवल दरवर्षी थोडं झिजतं. ही झीज पासबुकात दिसत नाही, म्हणून विचलनातही येत नाही.

सुरक्षित ठेवीची दुसरी जोखीम नूतनीकरणाच्या दिवशी कळते. पीपीएफचा दर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होता. २००३ च्या मार्चपासून तो ८ झाला आणि एप्रिल २०२० पासून ७.१ आहे. ज्यांनी नव्वदच्या दशकात "व्याजावर म्हातारपण काढू" असा हिशेब मांडला होता, त्यांचं उत्पन्न मुद्दलाला हात न लावताही तीन वर्षांत एक तृतीयांशाने घटलं. हा धक्का शेअरच्या घसरणीइतकाच खरा होता, फक्त त्याची बातमी झाली नाही. तिसरी जोखीम बँकेची. ठेव विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख आहे, त्याआधी १ लाख होती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढायची परवानगी होती. नाशिक-पुण्याकडे सहकारी बँकेत पाव-अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवणारे आजही भेटतात. एका बँकेत एका नावावर व्याजासकट ५ लाखांच्या वर जाऊ नका, हे मी प्रत्येकाला सांगतो.

आता फ्लॅट. इथे जरा थांबायला हवं, कारण मराठी मध्यमवर्गाचा सगळ्यात मोठा पैसा इथेच असतो आणि सगळ्यात ढिला हिशेबही इथलाच.

तुम्ही फ्लॅटचा परतावा ९ टक्के आणि विचलन २ धरलंय. हे आकडे तुम्ही सोसायटीतल्या व्यवहारांवरून आणि एजंटच्या बोलण्यावरून घेतले असणार, दुसरा मार्गच नसतो. फ्लॅटला रोजचा भाव नाही. वर्षातून एकदा कुणीतरी अंदाज सांगतं, तोही मागच्या अंदाजात थोडी भर घालून. मंदीत मालक भाव कमी करत नाही, विकायचंच थांबवतो. भाव पडल्याची नोंद कुठेच होत नाही आणि चढउतार लहान दिसतो. घरात तापमापक नसला म्हणून कुणाला ताप येत नाही असं नसतं. हाच खेळ शेअरवर करून बघा : सेन्सेक्सचा भाव रोज न बघता फक्त तीन-तीन वर्षांच्या सरासरीने लिहा. त्याचंही विचलन झटकन खाली येईल आणि शार्प रेशो वर चढेल.

परताव्याचा आकडाही खर्च वजा करून पाहू. उदाहरण बेतलेलं आहे, पण प्रमाण पुण्याच्या उपनगरात पटेल असं ठेवलंय. २०१४ साली ६० लाखांना घेतलेला फ्लॅट. मुद्रांक शुल्क, नोंदणी धरून खिशातून गेले ६४ लाख. २०२४ च्या अखेरीस तो ९५ लाखांना विकला, दलाली जाऊन हातात आले ९३.५ लाख. कर किती? २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला निवासी व्यक्तीला जुना, महागाई निर्देशांकाचा पर्याय मिळतो. २०१४-१५ चा निर्देशांक २४०, २०२४-२५ चा ३६३. ६४ लाखांची निर्देशांकित, म्हणजे महागाईनुसार वाढवलेली, किंमत जवळपास ९७ लाख होते, म्हणजे करपात्र नफाच नाही. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा अर्थ नीट बघा : सरकारच्या महागाईच्या मोजमापाप्रमाणे दहा वर्षांत तुम्ही तोट्यात आहात. ६४ चे ९३.५ म्हणजे वर्षाला ३.९ टक्के चक्रवाढ. भाडं महिना १५,००० धरलं तर देखभाल, घरपट्टी, वर्षातला एखादा रिकामा महिना, रंगरंगोटी आणि प्राप्तिकर जाऊन वर्षाला ८०-८५ हजार उरतात, म्हणजे गुंतवणुकीवर १.३ टक्के. एकूण ५.२ टक्क्यांच्या आसपास. "६० चे ९५ झाले" या वाक्यात यातलं काहीच दिसत नाही.

त्यावर कर्ज असेल तर जोखीम आणखी वेगळी. २० टक्के स्वतःचे आणि ८० टक्के बँकेचे घातले, तर भाव २० टक्के पडताच तुमचं भांडवल कागदावर शून्य होतं. ९ टक्क्यांनी हप्ते भरून ५ टक्के वाढणारी वस्तू धरून ठेवणं याला पूर्वी लोक "घर उभं राहतंय" म्हणत. राहत्या घरासाठी ते म्हणणं मला मान्य आहे, त्याचा हिशेब वेगळाच असतो. दुसऱ्या फ्लॅटसाठी मान्य नाही.

फ्लॅटच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्याचा भाव दिसत नाही, म्हणून माणूस घाबरून विकत नाही. मार्च २०२० मध्ये एसआयपी बंद करणारे पुष्कळ होते, फ्लॅट फुंकून टाकणारा मी पाहिला नाही. पण हा गुण फ्लॅटचा नसून न बघण्याचा आहे, आणि न बघण्याची सवय इंडेक्स फंडालाही लावता येते.

सोन्याकडे येऊ. सोनं आणि शेअर दोघांचे भाव बाजारात निघतात, त्यामुळे इथे तुलना रास्त होते. माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण सुवर्ण रोख्यांच्या पहिल्या मालिकेचं आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये ती २,६८४ रुपये ग्रॅमने निघाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपयांनी परत झाली. आठ वर्षं, चक्रवाढ १०.९ टक्के, वर पावणेतीन टक्के व्याज (ते करपात्र). मुदतीपर्यंत धरून ठेवणाऱ्या मूळ खरेदीदाराला भांडवली नफ्यावर कर नाही. नेमक्या त्याच काळात सेन्सेक्स सुमारे २६,१०० वरून सुमारे ६७,००० वर गेला. चक्रवाढ साडेबारा टक्के, वर सव्वा टक्क्याच्या आसपास लाभांश. नफ्यावर कर आहे. दोन टोकांकडे बघितलं तर दोघं जवळपास बरोबरीत सुटले.

आता मधला रस्ता बघा. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला. म्हणजे सव्वाचार वर्षं गुंतवणूक ठेवूनही माणूस सुरुवातीच्या पातळीखाली होता, आणि त्याच्या दोनच महिने आधी त्याने ४२,००० पाहिले होते. त्याच मार्च महिन्यात सोन्याचा ग्रॅम ४,२०० च्या आसपास होता. ज्याला त्या महिन्यात रुग्णालयासाठी किंवा गेलेल्या नोकरीमुळे पैसे लागले, त्याच्यासाठी हे दोन पर्याय कोणत्याही अर्थाने बरोबरीचे नव्हते. २०२३ पर्यंत थांबू शकणाऱ्यासाठी मात्र होते. गुंतवणूक तीच आणि विचलनही तेच, तरी दोन माणसांची जोखीम वेगळी, कारण पैसे लागण्याची तारीख वेगळी.

म्हणून कोणी "सोन्याचा शार्प एक आणि शेअरचा ०.६" म्हणालं की मी आधी काळ विचारतो. २०१२ मध्ये दहा ग्रॅमचा सरासरी भाव ३१,००० च्या घरात होता, २०१५ मध्ये २६,००० च्या आसपास आला, आणि जुनी सरासरी ओलांडायला २०१८ उजाडलं. ती सहा वर्षं तुमच्या तक्त्यात असती तर सोनं तळाला गेलं असतं. उलट एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर होता आणि एप्रिल २००३ मध्ये ३,००० च्या जवळपास. अकरा वर्षं! त्याच काळात पीपीएफमधला रुपया तिपटीच्या पुढे गेला. नव्वदच्या दशकात पोस्टात आणि पीपीएफमध्ये पैसे ठेवणारे आपले आई-वडील अडाणी नव्हते. तेव्हाच्या दरांत जोखीम धरून बघितलं तरी तोच सरस पर्याय होता.

पाच वर्षांच्या माहितीचा आणखी एक तांत्रिक दोष आहे. शार्प रेशो हा स्वतः एक अंदाज असतो. पाच वर्षांवरून काढलेला ०.६ घेतला तर त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज इकडे-तिकडे होण्याचं माप, साधारण ०.५ येते. म्हणजे खरा आकडा ०.१ असू शकतो, १.१ ही असू शकतो. मग सोन्याचा १ आणि फंडाचा ०.६ यांत फरक आहे असं म्हणायला आधारच उरत नाही. पंचवीस वर्षांची माहिती घेतली तरी ०.२ ची ढिलाई राहते. दुसऱ्या दशांशापर्यंत शार्प रेशो छापून फंडांची क्रमवारी लावणारे तक्ते बघताना एवढं लक्षात ठेवा.

सोन्याबद्दल अजून दोन गोष्टी. एक, आपण जो परतावा बघतो त्यात रुपयाची घसरण मिसळलेली असते. जानेवारी १९८० मध्ये सोनं औंसाला ८५० डॉलरवर गेलं आणि ती पातळी पुन्हा दिसायला जानेवारी २००८ यावा लागला. पण त्या अठ्ठावीस वर्षांत डॉलर ८ रुपयांवरून ३९ च्या आसपास गेला, म्हणून अमेरिकी माणसाचं सोनं जागच्या जागी असताना आपलं पाचपट झालं होतं. दोन, हे सगळं रोखे, ईटीएफ (शेअरसारखे बाजारात घेता-विकता येणारे सोन्याच्या फंडाचे युनिट) किंवा वळं-नाण्याबद्दल. दागिन्यावर १० ते २० टक्के घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी पहिल्याच दिवशी जातात, आणि मोडायला नेलं की सराफ पुन्हा घट धरतो. दागिने हौसेने घ्या, मुलीला द्या, पण या तक्त्यात मांडू नका.

तुमच्या यादीत नाही, पण कर्जरोख्यांच्या फंडांबद्दल दोन शब्द सांगतो, कारण जास्त शार्प बघून लोक तिकडे वळतात. कमी पतीच्या कंपन्यांना कर्ज देणाऱ्या योजनांचे आकडे वर्षानुवर्षं सुरेख दिसायचे : परतावा एफडीपेक्षा दोन टक्के जास्त, चढउतार नाममात्र. मग सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मोठी वित्तसंस्था बुडाली, आणि २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीने अशा सहा योजना एका रात्रीत बंद केल्या. सुमारे २५,००० कोटी अडकले. पुढे टप्प्याटप्प्याने पैसे परत मिळाले, पण ज्याला ते मे २०२० मध्ये हवे होते त्याला त्याचा उपयोग नव्हता. बंद होण्याच्या आदल्या महिन्यांच्या फॅक्टशीटमधलं (फंडाच्या मासिक माहितीपत्रकातलं) विचलन यातलं काही सांगत नव्हतं. जी जोखीम क्वचित पण एकदम येते, ती येईपर्यंत शार्प रेशोत दिसत नाही.

मग मी काय करतो? प्रत्येक पर्यायाचा परतावा एक्सेलमध्ये एक्सआयआरआरने (पैसे गेल्या-आल्याच्या तारखा धरून वार्षिक परतावा काढणाऱ्या सूत्राने) काढतो, खिशातून गेलेला प्रत्येक रुपया आणि कर धरून. शेअरचा निर्देशांक लाभांशासकट घेतो. फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांनाही स्वतःची तुलना करताना तसाच निर्देशांक वापरावा लागतो. विचलनाऐवजी तीन गोष्टी लिहितो : शिखरापासून सर्वांत मोठी घसरण किती, ती भरून निघायला किती काळ लागला, आणि आज विकायचं ठरवलं तर पैसे खात्यात कधी येतील. सेन्सेक्स जानेवारी २००८ च्या २०,८७३ वरून मार्च २००९ मध्ये ८,१६० वर आला, ६१ टक्के खाली. २०१० च्या दिवाळीत तो जुन्या पातळीला शिवला, पण ती खऱ्या अर्थाने मागे पडायला २०१३ ची अखेर लागली. शेअरच्या रकान्यात मी "६० टक्के, ६ वर्षं" असं लिहितो. इंडेक्स फंडाचे पैसे दोन-तीन दिवसांत, एफडीचे त्याच दिवशी दंड भरून, फ्लॅटचे चार महिने ते दीड वर्ष. सेन्सेक्सच्या इतिहासात दहा वर्षं थांबूनही तोटा झालेला आहे, पंधरा वर्षं थांबून झालेला नाही. हे लिहिलं की कुठला पैसा कुठे ठेवायचा ते आपोआप सुचायला लागतं.

आणि तुमच्या तक्त्यात सगळ्यात मोठी उणीव आहे ती एकत्र हिशेबाची. तुम्ही प्रत्येकाला सुटं मोजलंत. हिशेब समजावा म्हणून धरू : शेअर १२ टक्के परतावा, १८ विचलन, सोनं ९ टक्के, १५ विचलन, बिनजोखमीचा दर ६.५, आणि दोघांचा परस्परसंबंध शून्य, म्हणजे एकाच्या चढउताराचा दुसऱ्याच्या चढउताराशी संबंध नाही. शेअरचा शार्प ०.३१, सोन्याचा ०.१७. सुटं बघितलं तर सोनं कशाला घ्यायचं असंच वाटेल. आता ७० टक्के शेअर आणि ३० टक्के सोनं एकत्र करा. परतावा ११.१ होतो, पण विचलन १३.४ वर उतरतं आणि शार्प ०.३४ होतो. कमी शार्पची वस्तू घालून एकूण शार्प वाढला. दोघं एकदम पडत नाहीत याचं कारण आपल्याकडे ठोस आहे : परदेशी गुंतवणूकदार विकून बाहेर पडतात तेव्हा बाजारासोबत रुपयाही पडतो, आणि रुपया पडला की इथलं सोनं वर जातं. २००७ मध्ये दहा ग्रॅम सोन्याचा सरासरी भाव १०,८०० होता, २००८ मध्ये १२,५००, २००९ मध्ये १४,५००, आणि मधल्या काळात सेन्सेक्स निम्म्याखाली गेला होता. दुसऱ्या फ्लॅटने तुम्हाला हा फायदा मिळणार नाही, कारण पहिला फ्लॅट त्याच शहरात आहे आणि पुण्याच्या घरांचे भाव ज्या नोकऱ्यांवर चालतात त्यांच्याच मंदीत तुमचा पगारही अडचणीत येऊ शकतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर असं करा. एसआयपी चालू ठेवा. सहा महिन्यांचा घरखर्च आणि पुढच्या तीन वर्षांत नक्की लागणारी रक्कम एफडीत, दोन-तीन बँकांत विभागून. पीपीएफ दरवर्षी दीड लाख भरत राहा. करमुक्त ७.१ टक्के म्हणजे तुमच्या टप्प्यात करपात्र १०.३ च्या बरोबरीचे, एवढं कुठलीही सुरक्षित ठेव देत नाही. सोनं एकूण पुंजीच्या १० ते १५ टक्के, दागिने सोडून, ईटीएफमध्ये. नवे सरकारी रोखे फेब्रुवारी २०२४ नंतर निघालेले नाहीत, आहेत ते मुदतीपर्यंत ठेवा. दरवर्षी एप्रिलमध्ये प्रमाण तपासा. शेअर ठरल्यापेक्षा पाच टक्क्यांहून जास्त वाढले असतील तर वाढलेला भाग काढून कमी पडलेल्यात टाका, सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असतो तेवढ्यात बरंचसं बसतं. पुण्याच्या फ्लॅटचा वर दाखवला तसा हिशेब या आठवड्यात तुमच्या खऱ्या पावत्यांवरून करा. उत्तर सहा टक्क्यांखाली आलं आणि भाडेकराराची मुदत संपत आली असेल, तर दुसरा घेण्याऐवजी पहिला विकण्याचा विचार करा. मुलांच्या शिक्षणाची तारीख ठरलेली असेल तर त्याच्या तीन वर्षं आधीपासून त्या वाट्याचे इंडेक्स फंडाचे युनिट दर तिमाहीला थोडे थोडे विकून एफडीत आणायला सुरुवात करा, बाजार वर असो वा खाली.